ताब्याची ओळ

बॉयलरवरची माणसं निवृत्त झाल्यावर वर्ष काढत नाहीत, असं आमच्या कागद कारखान्यात सगळे म्हणायचे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. म्हणणाऱ्यांचं काय जातं? चहाचा कप हातात धरून म्हणायचं, मान हलवायची, कप ठेवायचा आणि कामाला लागायचं. पण एकदा मी रजिस्टर काढून बघितलं आणि माझंच तोंड बंद झालं. पहिला सात महिन्यांत गेला. दुसरा चार महिन्यांत. तिसऱ्यानं तर निवृत्तीच्या दिवशी नवी सायकल घेतली होती, आता मोकळा फिरणार म्हणून. ती सायकल अकराव्या महिन्यात त्याच्या भावानं विकली. तिघांनाही मोठा असा आजार काही नव्हता.

मी पर्सोनेल खात्यात. चोवीस वर्षं माणसांना निरोप देतेय. भाषण मीच लिहायची, फोटोग्राफर मीच बोलवायची, भेटवस्तूला कागद मीच गुंडाळायची. पाठीमागे मला 'निरोपबाई' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. साठीजवळ आलेली माणसं मी समोरून दिसले की वळून भलत्याच दाराकडे जायची. जणू मी दिसले नाही तर त्यांची तारीख पुढं जाणार होती.

ते रजिस्टर मी मोठ्या साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी तीन नावांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "काहीतरी करा हो. वर्गबिर्ग घ्या. वरूनही विचारणा झालीय."

वर्गबिर्ग! बरं, घेतले. निवृत्तीला एक वर्ष उरलेल्यांसाठी आठ बुधवार, दुपारी तीन ते पाच, कँटीनच्या मागच्या खोलीत. पहिल्या वेळी डॉक्टर बोलावले. त्यांनी तासभर हृदय कसं बंद पडतं ते सांगितलं, वर चित्रं दाखवली. दोघं तिथूनच रक्तदाब तपासायला गेले. दुसऱ्या वेळी मी पुस्तिका छापली, मुखपृष्ठावर बागेत हसणारं म्हातारं जोडपं. एका फिटरनं ती उलटसुलट केली आणि विचारलं, "बाई, हे दोघं कशाला हसतायत?" मला काय माहीत? छापखान्याकडे तोच फोटो होता.

मग 'काय शिकायला आवडेल' असा एक बुधवार ठेवला. वाचनालयाच्या बाई आल्या, सुतारकाम शिकवणारे आले, संगणकवाला आला. समोर चौदा माणसं पायांकडे बघत बसलेली. चाळीस वर्षं ज्यांना कुणी काही विचारलं नाही, त्यांना एकदम 'काय आवडेल' विचारलं की दुसरं काय होणार? शेवटी अभिप्रायाचे कागद भरून घेतले. सगळ्यांनी लिहिलं, छान. एकानं पाचही प्रश्नांपुढं छान लिहिलं होतं. त्यातला चौथा प्रश्न होता, 'आपल्या अडचणी कोणत्या?' मी कपाळावर हात मारून घेतला.

तिसऱ्या वर्षाच्या यादीत काटादादा होते.

काटादादा म्हणजे आमचे बॉयलरवाले. अडतीस वर्षं त्यांनी दाबाच्या काट्याकडे बघण्यात घालवली, म्हणून हे नाव. कँटीनमध्ये बसले तरी दर थोड्या वेळानं भिंतीवरच्या घड्याळाकडे असं बघायचे, जणू आकडा चढला तर उठून झडप उघडावी लागेल. बोलायचे कमी. हसायचे त्याहून कमी. पण बॉयलरला अडतीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकदाही काही झालं नाही.

यादी लागली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी माझ्या टेबलापुढं उभी राहिली. औषधांच्या दुकानात कामाला होती, तसाच तिथला पांढरा डगला घालून आलेली.

"मॅडम, त्या तिघांचं मला माहितीय," ती म्हणाली. "त्यांच्या घरची माणसं आमच्याच दुकानात यायची. बाबांचं तसं होऊ देऊ नका. एवढं एक वर्ष निघालं ना, की पुढं निघेल. मला खात्री आहे."

"अहो, मी काय देव आहे का?"

"नाही. पण वर्ग तुमचा आहे."

मला ते लागलं. खरं सांगायचं तर आवडलंही. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी भरवशानं काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "वर्ष मी काढून देते. माझी जबाबदारी." बोलून गेले. बोलायला काय लागतं?

काटादादा वर्गाला एकही बुधवार चुकले नाहीत. पहिल्या बुधवारी मी एक कागद वाटायची: निवृत्तीनंतरचा तुमचा दिवस तास धरून लिहा. बाकीचे काहीतरी खरडायचे. यांचा कागद कोरा. दुसऱ्या बुधवारी कोरा. तिसऱ्या बुधवारी मी त्यांच्या बाकाजवळ जाऊन उभी राहिले.

"लिहा की हो काहीतरी. परीक्षा नाहीये ही."

"काय लिहू, बाई? तास झाल्यावर लिहितात. आधी कसं लिहायचं?"

"मनात असेल ते लिहा."

"मनातलं शीटवर लिहीत नाहीत," ते म्हणाले. अगदी शांतपणे. मला चीड आली, पण त्यांच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. खरंच समजत नव्हतं त्यांना.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बॉयलरवर गेले. चोवीस वर्षांत तिसऱ्यांदा. आत गेल्या गेल्या कानात गच्च आवाज भरला आणि पाठीवरून घाम उतरायला लागला. काटादादा एका उंच स्टुलावर बसलेले, समोर काटा, बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी, आणि हाताशी फळीला लावलेली शीट. डावीकडे तास छापलेले. दर तासाला दाब किती, पाणी किती, ते लिहायचं आणि सही करायची. मी बघत असतानाच त्यांनी एक रकाना भरला. अक्षर असं की छापल्यासारखं.

"चुकलं तर?" मी ओरडून विचारलं.

"चुकायचं नाही."

"अहो, पण चुकलंच तर? खोडायचं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी बॉयलरवर थुंकायची परवानगी मागितली. "शीटवर खाडाखोड चालत नाही, बाई. लिहिलं ते लिहिलं. लिहिलंय तसं नसेल तर उठायचं आणि तसं करायचं."

तेवढ्यात दोन वाजले आणि पुढच्या पाळीचा माणूस आला. काटादादा स्टुलावरून उतरले. शीटच्या तळाशी एक ओळ होती: ताबा दिला, ताबा घेतला. त्यांनी आपल्या जागी सही केली. त्या माणसानं काटा बघितला, काच बघितली, मग आपली सही केली. काटादादा म्हणाले, "पाणी ठीक, दाब ठीक, येतो." आणि मगच डबा उचलला.

"आणि हा आलाच नसता तर?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"तर थांबायचं."

"किती वेळ?"

"येईपर्यंत. ताबा घेणारा आल्याशिवाय जागा सोडत नाहीत. पाठ टेकत नाहीत, बूट काढत नाहीत. एकदा मी तीन पाळ्या थांबलोय."

मला अशी कल्पना सुचली की मी माझ्यावरच खूश झाले. या माणसांना आपले कागद परके वाटतात ना? मग त्यांचीच शीट द्यायची! मी शीटचा एक नमुना घेतला आणि तडक छापखान्यात गेले. म्हटलं, चौकट तीच ठेवा, तास तेच ठेवा, मधले रकाने बदला. दाब आणि पाणी काढून 'ठरलेलं काम' आणि 'झालेलं काम' टाका. कच्चा छाप आला तेव्हा तळाची ताब्याची ओळ तशीच राहिलेली मला दिसली. दिसली, हे मी आजही नाकारत नाही. मनात म्हटलं, राहू दे, तेवढीच ओळखीची वाटेल.

आणि वाटली! पुढच्या बुधवारी काटादादांनी शीट हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले. तरी रकाने कोरेच. त्यात गुरुवारी वरच्या ऑफिसची माणसं वर्गाचं काम बघायला येणार होती. मोठे साहेब दोनदा डोकावून गेले, भरलेल्या शीटा पाहिजेत म्हणून. माझ्या नाकी नऊ आले होते. मी काटादादांच्या हातातून पेन घेतलं आणि माझ्या नमुन्याच्या कागदावरून त्यांची शीट भराभरा स्वतःच भरली. सहा ते सात, फिरणे. दहा ते बारा, वाचनालय. दोन ते तीन, घरातली दुरुस्ती. चार ते सहा, पत्नीसोबत वेळ. सात ते आठ, मुलांशी गप्पा.

"हे घ्या. असं. सही करा."

त्यांनी एकेक ओळ वाचली. एका ठिकाणी थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी घड्याळाकडे बघत होते.

"सही केली म्हणजे हे रोज करायचं?"

"रोज करायचं. तास झाला की रकाना भरायचा. कोऱ्या शीटांचा गठ्ठा देते मी."

"किती दिवस?"

"वर्षभर," मी म्हटलं, कारण माझ्या डोक्यात ते एक वर्षच होतं.

"आणि मग?"

"मग बघू की."

त्यांनी सही केली. वरच्या माणसांना ती शीट फार आवडली. कामगारांच्या जगातून आलेली कल्पना, असं म्हणाले. मी मानेनं नाही नाही म्हणत होते आणि मनातून फुगत होते.

निरोपाच्या दिवशी काटादादा फोटोत सुद्धा घड्याळाकडे बघताना आले आहेत.

पाठपुरावा म्हणून महिन्यातून एकदा घरी जायचं, असं मी कार्यक्रमात घातलं होतं. पहिल्या महिन्यात गेले. दोन खोल्या, तिसरा मजला. खिडकीजवळ ताठ पाठीची लाकडी खुर्ची, टेबलावर फळीला लावलेली शीट, पेनाला दोरी बांधलेली. सगळे रकाने भरलेले. फिरणे, झाले. वाचनालय, झाले, पाने बावीस. मी इतकी खूश झाले की बिस्किटांचा पुडा त्यांनाच देऊन यायचा ते विसरून परत घेऊन आले.

मुलीची गाठ पडली ती तिसऱ्या महिन्यात, जिन्यावर. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, रोज संध्याकाळी भाजी घेऊन यायची. मी थट्टेनं म्हटलं, "काय हो, आई खूश असेल आता. रोज दोन तास नवरा हाताशी."

तिनं पिशवी पायरीवर ठेवली. "मॅडम, आई जाऊन नऊ वर्षं झाली."

चौदा माणसांना मी एकच नमुना वाटत होते आणि कुणालाही एक साधा प्रश्न विचारायचं मला सुचलं नव्हतं. "मग चार ते सहा..."

"जातात कुठंतरी. मला सांगत नाहीत." मग एकदम तिचा आवाज चढला. "आई गेली ना, तेव्हा बाबा पाळीवर होते. दवाखान्यातून निरोप गेला, पण बदलीचा माणूस आला नव्हता. पाऊण तास उशिरा आला तो. तोवर बाबा स्टुलावर बसून राहिले. आले तेव्हा सगळं संपलं होतं. त्या माणसाला मी अजून माफ केलं नाही. बाबांनी मात्र एका शब्दानं त्याला विचारलं नाही."

मी तशीच वर गेले. काटादादांना म्हटलं, "माझी चूक झाली. घोडचूक. द्या ती शीट, मी ती ओळ खोडते."

"खाडाखोड चालत नाही, बाई."

"अहो, कागद आहे तो माझा!"

"सही माझी आहे," ते म्हणाले. मग पेनाची दोरी सरळ करत म्हणाले, "आणि बरं झालं. ती शिलाईच्या कारखान्यात होती. सुट्टी व्हायची पाचला. तेव्हा माझी पाळी नेहमी दुपारची, दोन ते दहा. एकदाही तिला घ्यायला गेलो नाही मी. आता जातो. समोर बाक आहे. पाचला दार उघडतं, बायका बाहेर येतात. सगळ्या गेल्या की चालत घरी येतो. सहा वाजतात."

मला रडू आवरेना. ते अवघडले आणि त्यांनी पाणी आणून दिलं.

खरं तर तेव्हाच मी सगळे गठ्ठे काढून घ्यायला हवे होते. पण माणूस हिंडत होता, फिरत होता, महिन्याला दोन पुस्तकं वाचत होता. सातव्या महिन्यात त्यांनी सुतारकामाच्या वर्गात नाव घातलं आणि घरातल्या टेबलाचा हलणारा पाय बसवला. तो पाय त्यांनी मला दोनदा दाखवला. आठवा महिना गेला, नववा गेला. कँटीनमध्ये लोक म्हणायला लागले, काटादादा हा शाप मोडणार. दुसऱ्या दोन कारखान्यांनी माझ्या वर्गाची माहिती मागवली. मी भाषणं ठोकून आले. हात वर करून करून सांगितलं की माणसाला दिवसाला आकार द्या, माणूस जगतो!

दहाव्या महिन्यात मुलीचा फोन आला होता. तो मी अर्ध्या कानानं ऐकला, कारण समोर माहितीपत्रक पडलं होतं.

"मॅडम, बाबा पलंगावर झोपत नाहीत. रात्रभर त्या खुर्चीत बसतात, डुलक्या घेतात. बूटसुद्धा काढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, अजून वेळ आहे."

"अहो, वयात झोप कमीच होते," मी म्हटलं. "डॉक्टरांनी वर्गात सांगितलंय."

हे वाक्य मी बोलले.

वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी दुपारी काटादादा ऑफिसात आले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्यांना वहीत सही न घेता आत सोडलं होतं. ते काखेत मोठं बोचकं धरून होते, सुतळीनं चारी बाजूंनी बांधलेलं. अंगात तोच बॉयलरवरचा निळा शर्ट, इस्त्री केलेला. पण माणूस! मी मागच्या महिन्यात दौऱ्यावर होते, घरी गेले नव्हते. गाल आत गेलेले, डोळ्यांखाली काळं. खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"आलात!" मी उठून टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पलीकडच्या टेबलावरच्या टंकलेखक बाईंनीही वाजवल्या. "वर्ष काढलंत! पहिले तुम्ही!"

"तीनशे पासष्ट शीटा आहेत," ते म्हणाले. "मोजून घ्या."

मी सुतळी सोडली. वरची, आदल्या दिवसाची शीट बघितली. फिरणे, झाले. वाचनालय, झाले. चार ते सहा, झाले. सात ते आठ, मुलगी आली, झाले. छापल्यासारखं अक्षर. नजर तळाच्या ओळीवर आली. ताबा दिला: त्यांची सही. ताबा घेतला: तिथं बारीक अक्षरात लिहिलेलं, 'कोणी आले नाही. थांबलो आहे.'

मी दुसरी शीट काढली. कोणी आले नाही. थांबलो आहे. मधली एक काढली. तळातली काढली. पहिल्या दिवसाचीही तीच ओळ. घरी जाऊन मी इतक्या वेळा त्या शीटा बघितल्या, पण दर वेळी तास बघितले. झाले, झाले, झाले. माझ्या कामाचं तेवढंच होतं.

"काटादादा," मी म्हटलं, "ही ओळ... ही चुकून राहिलेली आहे हो. जुन्या शीटवरची. तिला काही अर्थ नाही."

त्यांना ते ऐकूच आलं नाही, किंवा आलं तरी पटलं नाही. ज्या ओळीवर अडतीस वर्षं त्यांची ये-जा अडलेली असायची, तिला अर्थ नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगत होते?

"तुम्ही म्हणालात वर्षभर," ते म्हणाले. "वर्ष झालं. मी म्हटलं, तुम्ही कुणाला पाठवाल. नाही पाठवलंत. हरकत नाही. पण आता थकलोय, बाई. लई थकलोय. कुणीतरी ताबा घ्या."

इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, एवढंच ना? एका सहीनं सुटतो ना माणूस? मग देऊन टाकावी. त्यात काय चूक होती? अजूनही मला कुणी सांगावं, त्यात काय चूक होती.

मी पेन घेतलं. शेवटच्या शीटवर, 'ताबा घेतला' पुढं, सही केली. त्यांनी कागद स्वतःकडे फिरवून ती नीट बघितली. मग भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लिहिली, तीन वाजून दहा मिनिटं. आणि उठले.

"पाणी ठीक, दाब ठीक," ते म्हणाले. "येतो."

"आज चार वाजता जाणार ना, बाकावर?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"नाही. पाळी संपली."

दारातून जाताना ते पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता गेले. मला वाटलं, मोकळा झाला माणूस. मी लगेच मुलीला फोन लावला. म्हटलं, "आज झोपतील बघा पलंगावर." दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. झोपले होते, बूट काढून, अंगावर चादर घेऊन, सकाळी नऊपर्यंत. ती फोनवर हसत होती. मीही हसले. अहवाल त्याच दिवशी वर गेला.

तिसऱ्या दिवशीही ते उशिरापर्यंत झोपले. फिरायला गेले नाहीत. वाचनालयाचं पुस्तक मुलीकडे परत करायला दिलं, अर्धंच वाचलेलं. तिनं विचारलं तर म्हणाले, आता काही बघायचं उरलं नाही, दुसरा बघेल. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली तेव्हा ते उठलेच नाहीत.

मी मोठ्या साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. खोटं नाही बोलत मी, खरंच वाटलं. चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "पण वर्ष पूर्ण झालं होतं ना?"

"हो."

"मग अहवाल बदलायला नको."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडणार कुणाशी? ते वर्ष त्यांनी ठरवलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. तीन दिवस जास्त जगला म्हणून माणूस आकड्यांत पास झाला. अहवाल अजून तसाच आहे. आमच्या वर्गाचं यश त्यात शंभर टक्के लिहिलंय.

महिन्याभरानं मी मुलीकडे गेले. औषधांच्या दुकानातच, दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा. तिनं काउंटरची फळी उचलून मला आत घेतलं, स्टूल दिलं. टेबलाचं काय करायचं, खोल्या कधी सोडायच्या, असं काहीबाही बोलत राहिली. मग म्हणाली, "त्या शेवटच्या कागदावरची सही तुमची आहे ना?"

"हो."

"नसती केली तर?"

मी काय सांगू? केली नसती तर ते खुर्चीत बसून राहिले असते. आणखी महिना, कदाचित आणखी वर्ष. बूट घालून. मी म्हटलं, "मला माहीत नाही हो."

ती औषधांच्या बाटल्या सरळ करत होती, आधीच सरळ असलेल्या. "आईच्या वेळी बदलीचा माणूस उशिरा आला म्हणून मी त्याच्यावर नऊ वर्षं राग धरून बसलेय," ती म्हणाली. "तुम्ही मात्र वेळेवर आलात."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी फळी उचलून बाहेर आले आणि कारखान्याकडे न जाता चालत राहिले. शिलाईच्या कारखान्यासमोरचा तो बाक मला सापडला. पाचला दार उघडलं, बायका बाहेर आल्या, बोलत बोलत पांगल्या. पहारेकऱ्यानं मला विचारलं, कुणासाठी थांबलात?

शीटा माझ्या कपाटात आहेत, खालच्या खणात. त्या कुठं द्यायच्या ते मला कुणी सांगितलं नाही, आणि विचारलं तर लोक म्हणतात, टाकून द्या. माझी स्वतःची साठी तीन वर्षांवर आलीय. माझ्यासाठी भेटवस्तूला कागद कोण गुंडाळणार, असा विनोद टंकलेखक बाई करतात.

वर्ग चालू आहे. बंद कसा करणार? आता चार कारखान्यांत चालतो. मी शीट नवीन छापून घेतली. पत्नी, मुलं, काही छापील नाही. आधी प्रत्येकाला विचारते, घरी कोण आहे, कोण नाही. तळाची ओळ काढून टाकली. गेल्या बुधवारी यंदाच्या यादीतला बॉयलरवरचा माणूस आला, काटादादांना पाऊण तास थांबवणारा तोच. त्यानंच सांगितलं मला, न विचारता. हल्ली तो सगळ्यांना सांगतो म्हणे. त्यानं शीट हातात घेतली, तास बघितले, मग कागद उलटा करून पाठही बघितली.

"बाई, यात खालची ओळ नाही. ताबा कुणाला द्यायचा?"

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

"मग सुटायचं कसं?"

बाकीचे तेरा जण माझ्याकडे बघायला लागले. मी त्याच्यापुढं पेन ठेवलं आणि म्हटलं, आधी वरचं भरा.